ड्रायव्हर मॉड्यूल ठेवायचा की कर्नलमध्येच कंपाइल करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा, पहिल्यांदा स्वतः कंपाइल करायला बसलेला माणूस ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही पर्यायांची यादी उघडतो आणि दहा मिनिटांत घामाघूम होतो. हजारो ओळी, आणि बहुतेक ओळींपुढे तोच प्रश्न: वाय (कर्नलमध्येच, म्हणजे बिल्ट-इन), एम (वेगळं मॉड्यूल) की एन (नकोच)? पुढचे प्रश्न त्याच गोंधळातून आलेले आहेत. कमांड्स इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

मॉड्यूल आणि बिल्ट-इन यांत नेमका फरक काय?

कोड तोच असतो, सी भाषेतली फाइलही तीच. बिल्ट-इन ठेवला तर ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य इमेजमध्ये लिंक होतो. मशीन सुरू होताना बूटलोडर हा छोटा प्रोग्राम ती इमेज मेमरीत आणतो तेव्हा ड्रायव्हरही सोबत येतो आणि मशीन बंद होईपर्यंत तिथेच राहतो. मॉड्यूल केला तर त्याची ‘.केओ’ शेपटीची वेगळी फाइल बनते (२.६ मालिकेच्या आधी ती नुसती ‘.ओ’ असे). ती डिस्कवर लिब-मॉड्यूल्समध्ये, त्या कर्नलच्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात पडून राहते आणि गरज लागली की लोड होते.

म्हणजे प्रश्न ‘कुठला ड्रायव्हर चांगला’ असा नसून ‘ड्रायव्हर केव्हा हातात हवा’ असा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मेन्यूकॉन्फिगमध्ये मी वाय दाबतो, पण एमच राहतो. असं का?

कारण तो ज्याच्यावर अवलंबून आहे ती गोष्ट एम आहे. इमेजमध्ये कायमचा बसलेला ड्रायव्हर डिस्कवरच्या मॉड्यूलमधलं फंक्शन वापरू शकत नाही, कारण लिंक करताना ते फंक्शन जागेवरच नसतं. वायफायचा सगळा पसारा ‘सीएफजी८०२११’ वर उभा आहे. तो एम असेल तर त्याच्यावरचा एकही वायफाय ड्रायव्हर वाय होणार नाही. आधी खालचा पाया वाय करा, मग वरचा.

उलट दिशेला अडचण नाही: पाया वाय आणि वरचा ड्रायव्हर एम चालतं. काही पर्यायांना एम मिळतच नाही, चौकोनी कंसात फक्त हो किंवा नाही असतं. मेमरी व्यवस्थापन, शेड्युलर यांसारख्या गोष्टी मॉड्यूल होत नाहीत. पर्यायावर उभं राहून प्रश्नचिन्ह दाबलं की तो कशावर अवलंबून आहे ते दिसतं. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

मॉड्यूल वापरले म्हणजे लिनक्स मायक्रोकर्नल झाला का?

नाही. १९९२ मध्ये मिनिक्सचे लेखक टॅनेनबाम आणि लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांच्यात मायक्रोकर्नलवरून गाजलेला वाद झाला होता. त्यामुळे तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो. मायक्रोकर्नलमध्ये ड्रायव्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या मेमरीत राहतो. लिनक्सचं मॉड्यूल एकदा लोड झालं की कर्नलच्याच मेमरीत, त्याच अधिकारांनी चालतं. त्यातला एक चुकीचा पॉइंटर अख्खं मशीन झोपवू शकतो, मग तो वाय असो की एम.

बिल्ट-इन केल्यावर मशीन वेगाने चालतं ना?

हाच समज मनात धरून लोक रात्र-रात्र कर्नल कंपाइल करत बसतात. मीही बसलो आहे. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही.

तांत्रिक फरक आहे, तो सांगतो. एक्स८६-६४ वर कर्नलचा मुख्य कोड मोठ्या, २ एमबीच्या पानांवर मॅप होतो, तर मॉड्यूलचा कोड सहसा ४ केबीच्या पानांवर वेगळ्या पट्ट्यात बसतो. त्यामुळे पत्ता शोधायच्या कॅशवर, म्हणजे टीएलबीवर, किंचित जास्त भार पडतो. फंक्शन कॉल मात्र तसाच थेट जातो, कारण मॉड्यूलचा पट्टा मुद्दाम कर्नलच्या जवळ ठेवलेला असतो. नेटवर्क कार्डावरून सेकंदाला लाखो पॅकेट्स ओढणाऱ्यांनी हवं तर मोजून पाहावं. बाकीच्यांनी तो वेळ दुसरीकडे लावावा.

बूटच्या वेळेत फरक पडू शकतो, तोही दोन्ही बाजूंनी. मोजकेच ड्रायव्हर बिल्ट-इन ठेवून इनिटरॅमएफएस (बूटला लागणाऱ्या मॉड्यूल्सचं गाठोडं, त्याबद्दल पुढे) गाळला तर सेकंद-दोन सेकंद वाचतात. पण ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणत सगळंच वाय केलं तर प्रत्येक ड्रायव्हर बूटच्या वेळी उठून आपलं हार्डवेअर शोधत बसतो आणि नाकापेक्षा मोती जड होतो.

आणि मेमरी?

मॉड्यूलला मेमरी पूर्ण पानांत मिळते, त्यामुळे प्रत्येकामागे थोडी वाया जाते. आजच्या कर्नलवर एलएसमॉड या लोड झालेली मॉड्यूल्स दाखवणाऱ्या कमांडमधला आकडा ४०९६ च्या पटीत दिसतो तो याचमुळे. बिल्ट-इनमध्ये ही उधळण नाही, पण न लागणारा ड्रायव्हरही मेमरी अडवून बसतो. फक्त सुरुवातीला लागणारा कोड दोन्ही प्रकारांत काम झाल्यावर मोकळा केला जातो; बूटच्या ओळींत ‘फ्रीइंग अनयूज्ड कर्नल इमेज मेमरी’ दिसतं ते हेच. ८ जीबीच्या लॅपटॉपवर या विषयावर चर्चा करण्यात अर्थ नाही. ६४ एमबीच्या राउटरवर आहे.

मग उबंटू, फेडोरा, डेबियन या डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) जवळपास सगळे ड्रायव्हर मॉड्यूल का ठेवतात?

कारण त्यांना तुमचं मशीन माहीत नाही. एकच कर्नल जुन्या डेस्कटॉपवर, नव्या लॅपटॉपवर आणि डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालला पाहिजे. म्हणून हजारो मॉड्यूल्स डिस्कवर ठेवायची आणि ज्या मशीनला जी लागतील तेवढीच उचलायची. तुमच्या मशीनवर एलएसमॉडच्या ओळी मोजा, शंभर-दोनशेच्या घरात निघतील. बाकीची हजारो आयुष्यभर डिस्कवर झोपून राहतात आणि कोणाचं काही बिघडत नाही.

पेनड्राइव्ह लावला की कुठलं मॉड्यूल घ्यायचं हे कोण ठरवतं?

समजा एखादा यूएसबी वायफाय डोंगल लावलात. कर्नल त्याच्याकडून उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, वर्ग वगैरे वाचतो आणि त्यातून एक लांबलचक ओळ बनवतो. तिला मॉडएलियास म्हणतात. ती ‘यूएसबी:व्ही०बीडीए...’ अशी सुरू झाली तर ०बीडीए हा रिअलटेकचा क्रमांक. कर्नल ही ओळ युडेव्हकडे, म्हणजे नवं हार्डवेअर हाताळणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवतो. युडेव्ह, मॉडप्रोब या मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्याच पद्धतीने, ‘मॉड्यूल्स.एलियास’ या यादीत जुळणारं नाव शोधतो आणि ‘मॉड्यूल्स.डेप’ बघून त्याला आधी कोणकोण लागतं तेही ओढून आणतो.

प्रत्येक ड्रायव्हर आपल्या कोडमध्येच ‘मी या-या क्रमांकांची वस्तू चालवतो’ असा तक्ता ठेवतो. कंपाइल झाल्यावर ‘डेपमॉड’ हे सगळे तक्ते गोळा करून या याद्या बनवतो. हाताने .केओ फाइल कॉपी केली आणि डेपमॉड चालवायला विसरलात, तर फाइल समोर असूनही मॉडप्रोब ‘सापडत नाही’ म्हणतो.

इनस्मॉड आणि मॉडप्रोब यांतला फरकही इथेच कळतो. इनस्मॉडला फाइलचा पत्ता द्यावा लागतो आणि अवलंबून असलेली मॉड्यूल्स तो आणत नाही. प्रॅक्टिकलच्या ‘हॅलो वर्ल्ड’ मॉड्यूलपुरता तो ठीक आहे.

नवा कर्नल बांधला, रीबूट केला आणि थेट कर्नल पॅनिक. काय चुकलं?

या पानावर यायचं सगळ्यांत मोठं कारण हेच असतं. माझा पहिला कर्नलही इथेच आपटला. रात्री एकच्या सुमारास काळ्या स्क्रीनवर शेवटची ओळ होती: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता. जुना कर्नल मी ‘जागा वाचवायला’ म्हणून आधीच पुसून टाकला होता, त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट करून सगळं निस्तरावं लागलं.

घोटाळा साधा आहे. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली आणि कपाट बंद. रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा सगळी सिस्टिम असलेला भाग, वाचायला डिस्कचा ड्रायव्हर हवा (एनव्हीएमई किंवा साटासाठी एएचसीआय) आणि फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर हवा (एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस). हे दोन्ही मॉड्यूल असतील तर ते त्याच रूट पार्टिशनवर पडलेले असतात, जे वाचता येत नाही.

सुटकेचे मार्ग दोन. पहिला इनिटरॅमएफएस: गरजेची मॉड्यूल्स भरलेलं एक छोटं गाठोडं, जे बूटलोडर कर्नलसोबतच मेमरीत ठेवतो. डेबियन-उबंटूत ते ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ बनवतं, फेडोरात ‘ड्रॅकट’, आर्चमध्ये सहसा ‘एमकेइनिटसीपीआयओ’. दुसरा मार्ग म्हणजे ते दोन-तीन ड्रायव्हर वाय करून टाकायचे.

कंसातले आकडे नीट वाचा, ते बरंच सांगतात. (०,०) म्हणजे कर्नलला डिस्कच ओळखता आली नाही. डिस्कचा ड्रायव्हर नाही किंवा ‘रूट=’ मध्ये दिलेलं नाव चुकलंय. (८,१) असं काही दिसलं तर पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन सापडलंय, पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता येत नाही.

आणखी एक खड्डा आहे, त्यात जाणते लोकही पडतात. सगळं वाय केलं, इनिटरॅमएफएस काढून टाकला, तरी पॅनिक. कारण बूटलोडरच्या ओळीत ‘रूट=यूयूआयडी=...’ लिहिलेलं असतं. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (तिचा खास ओळखक्रमांक) शोधायचं काम इनिटरॅमएफएसमधले प्रोग्राम करतात, कर्नलला एकट्याला ते येत नाही. त्याला पार्टिशनचा ‘पार्टयूयूआयडी’ किंवा सरळ डिव्हाइसचं नाव द्यावं लागतं. आणि डिस्क लक्सने एन्क्रिप्ट केली असेल तर हा विचारच सोडा; पासवर्ड विचारायला कोणीतरी हवं, आणि ते इनिटरॅमएफएसमध्येच असतं.

वायफायचा ड्रायव्हर बिल्ट-इन केला, तर वायफाय बंदच पडलं! मॉड्यूल असताना चालत होतं.

फर्मवेअर. आजची वायफाय आणि ग्राफिक्स कार्डं सुरू व्हायला उत्पादकाची फर्मवेअर फाइल (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) मागतात, आणि ती लिब-फर्मवेअर फोल्डरात असते. बिल्ट-इन ड्रायव्हर रूट पार्टिशन माउंट व्हायच्या आधीच उठतो, फाइल मागतो आणि रिकाम्या हाताने परततो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड ... फेल्ड विथ एरर -२’ दिसेल. वजा दोन म्हणजे फाइल नाही.

‘कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर’ मध्ये फाइलचं नाव देऊन फर्मवेअरही इमेजमध्ये भरता येतं किंवा इनिटरॅमएफएसमध्ये ठेवता येतं. माझं मत विचाराल तर या उठाठेवीत पडू नका. फर्मवेअर मागणारा ड्रायव्हर मॉड्यूलच बरा.

एलएसमॉडमध्ये माझा ड्रायव्हर दिसत नाही. म्हणजे तो नाहीच?

एलएसमॉड फक्त लोड झालेली मॉड्यूल्स दाखवतो, बिल्ट-इन नाही. खात्री करायची तर ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ फाइलमध्ये नाव शोधा किंवा बूट फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये ग्रेप मारा. पीसीआय कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -के’ सर्वांत सोपं. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत नाव आलं की विषय संपला.

बिल्ट-इन ड्रायव्हरवर मॉडप्रोब चालवला तर तो काही न बोलता यशस्वी म्हणून परततो. त्यामुळे ‘लोड तर झालं, मग दिसत का नाही’ असा गोंधळ उडतो.

बिल्ट-इन ड्रायव्हरला पॅरामीटर कसे द्यायचे? ब्लॅकलिस्ट कसा करायचा?

मॉड्यूलसाठी ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात ‘ऑप्शन्स’ची ओळ लिहितो. बिल्ट-इनला ती फाइल दिसतच नाही. त्याचे पॅरामीटर बूटलोडरच्या ओळीतून जातात, आधी ड्रायव्हरचं नाव, मग टिंब: ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’. बऱ्याच पॅरामीटरांची किंमत सिस-मॉड्यूल फोल्डरातून नंतरही बदलता येते.

ब्लॅकलिस्टचं तसंच. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना त्याच कार्डांचा खुला ड्रायव्हर नूव्हो लोड होऊ नये म्हणून आपण ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ लिहितो ते नूव्हो मॉड्यूल आहे म्हणून चालतं. बिल्ट-इन असता तर ‘इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट=’ ला त्याच्या सुरुवातीच्या फंक्शनचं नेमकं नाव देत बसावं लागलं असतं. बिघडलेला ड्रायव्हर बाजूला काढण्याची ही मुभा मला मॉड्यूलचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. गोठलेला टचपॅड ‘मॉडप्रोब -आर’ करून पुन्हा मॉडप्रोब केला की कित्येकदा जागा होतो, बिल्ट-इनला रीबूटच.

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणजे फाइल खराब झाली का?

बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते, कर्नल दुसरा असतो. प्रत्येक मॉड्यूलवर ‘व्हरमॅजिक’ नावाचा शिक्का असतो. ‘मॉडइन्फो’ने पाहिला तर असा दिसतो: ‘६.१.०-१८-एएमडी६४ एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड मॉडव्हर्जन्स’. चालू कर्नलचा शिक्का जुळला नाही की दारातूनच परत. लिनक्सच्या कर्नलमध्ये अंतर्गत रचना कायम ठेवण्याचं वचन नाही, आवृत्तीगणिक ती बदलते, म्हणून ही काटेकोर तपासणी. ‘--फोर्स’ने ढकलू नका.

आर्चवाल्यांची एक खास तक्रार इथलीच. सकाळी अपडेट केलं, रीबूट केलं नाही आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह लागेना. अपडेटने जुन्या आवृत्तीचं मॉड्यूल फोल्डर काढून टाकलं, पण चालू आहे तो जुनाच कर्नल. ज्या मॉड्यूलची सकाळपासून गरज पडली नव्हती ते आता डिस्कवर उरलेलंच नाही. रीबूट करा.

एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच कंपाइल करता येतील का?

ते मुख्य कर्नलच्या झाडात, म्हणजे सोर्स कोडच्या संचात, नाहीत, त्यामुळे त्यांना मॉड्यूल राहणंच भाग आहे. दर नव्या कर्नलमागे त्यांना पुन्हा कंपाइल करायचं काम डीकेएमएस करतं, जे मुळात डेलने बनवलं. कर्नलची हेडर्स इन्स्टॉल नसतील तर डीकेएमएस अडतं, आणि पुढच्या बूटला ग्राफिक्स गायब झाल्यावरच ते आपल्याला कळतं.

परवान्याचा भागही आहे. कर्नल जीपीएल या खुल्या परवान्याचा आहे, आणि त्यातली बरीच फंक्शन्स फक्त जीपीएल मॉड्यूलसाठी खुली आहेत. बंदिस्त मॉड्यूल लोड केलं की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा डाग लावून घेतो. अशा कर्नलचा बग कळवला तर कर्नलवाले आधी ‘ते मॉड्यूल काढून पुन्हा दाखवा’ म्हणतात. एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला, तरी तो झाडाबाहेरच राहतो.

सिक्युअर बूट चालू आहे आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ येतंय.

सिक्युअर बूट फक्त सही केलेला कोड चालू देतो, आणि तुमच्या मॉड्यूलवर ओळखीच्या किल्लीची सही नाही. सही तपासण्याची सोय ३.७ आवृत्तीपासून (डिसेंबर २०१२) आहे, आणि सिक्युअर बूट चालू असताना मोठ्या डिस्ट्रो ती सक्तीची करतात. ‘एमओकेयूटिल’ने स्वतःची किल्ली नोंदवा. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे पासवर्ड टाकून मान्यता द्यावी लागते. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चहा ओतायला गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

सुरक्षेसाठी मॉड्यूल्स पूर्ण बंद करून सगळं बिल्ट-इन ठेवावं का?

युक्तिवाद असा: रूट अधिकार (मशीनवरचे सर्वोच्च अधिकार) मिळालेला हल्लेखोर मॉड्यूल लोड करून कर्नलमध्ये लपून बसतो, तर ते दारच बुजवा. ‘कॉन्फिग_मॉड्यूल्स’ला एन दिलं की दार उरत नाही. ठराविक हार्डवेअरच्या फायरवॉल मशीनवर मला हे पटतं.

मधला मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. प्रॉक-सिस-कर्नलमध्ये ‘मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ नावाची फाइल आहे. बूट होऊन सगळं लोड झालं की तिच्यात १ लिहा. त्यानंतर मॉड्यूल लोड होत नाही आणि निघतही नाही, आणि तो १ पुन्हा ० करता येत नाही. रीबूट हाच उपाय.

पण मॉड्यूल असण्याचाही सुरक्षेला फायदा आहे. डीसीसीपी हा फारसा कोणी न वापरणारा नेटवर्क प्रोटोकॉल. २०१७ मध्ये त्यात असा बग सापडला की साधा यूजरही रूट होऊ शकत होता. साध्या यूजरने तसं सॉकेट मागितलं की मॉड्यूल आपोआप लोड व्हायचं. पॅच येईपर्यंत मॉडप्रोब.डीमध्ये एक ओळ लिहून त्याचं लोड होणं रोखता येत होतं. ज्यांच्याकडे तो बिल्ट-इन होता त्यांना नवा कर्नल येईपर्यंत असा सोपा उपाय नव्हता.

माझ्या मशीनपुरताच कर्नल बांधायचाय. हजारो पर्यायांतून एकेक निवडू?

नको. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. ते या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स बघतं आणि बाकीची कॉन्फिगमधून काढतं. कंपाइलचा वेळ तासावरून मिनिटांवर येतो.

‘या क्षणी’ हे शब्द मात्र विसरू नका. चालवण्याआधी प्रिंटर, बाह्य डिस्क, गेमपॅड, यूएसबी-सिरियल केबल, प्रोजेक्टरचा अडॅप्टर, जे काही तुम्ही कधी लावता ते सगळं एकदा लावून घ्या. व्हीपीएन आणि एक्सफॅट कार्डही. मी ब्लूटूथ चालू करायला विसरलो होतो. आठवड्याने हेडफोन जोडायला गेलो तेव्हा कळलं. ‘लोकलयेसकॉन्फिग’ हे भावंड तीच यादी वाय करून देतं. फर्मवेअरचा वर सांगितलेला त्रास तिथे गठ्ठ्याने मिळतो.

फोन आणि राउटरमध्ये काय करतात?

साध्या राउटरच्या फ्लॅशमध्ये अनेकदा ८-१६ एमबीच जागा असते. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स मूळ हार्डवेअरचे ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवतं आणि यूएसबी वगैरे जादाच्या गोष्टी ‘केमॉड-’ने सुरू होणाऱ्या पॅकेजेसमध्ये देतं. हार्डवेअर ठरलेलं असेल तर बिल्ट-इनच सोयीचं.

अँड्रॉइडमध्ये मात्र उलटी गंगा वाहिली. पूर्वी प्रत्येक फोन कंपनी आपले ड्रायव्हर कोंबून स्वतःचा कर्नल बांधायची, आणि सुरक्षेचे पॅच त्या शेकडो कर्नलांपर्यंत पोचायला महिने लागायचे. म्हणून गूगलने ‘जीकेआय’ आणलं: कर्नलची इमेज सगळ्यांना सारखी, कंपनीचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळ्या पार्टिशनवर. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० कर्नलवर बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना ते बंधनकारक झालं. फोनचं हार्डवेअर तर कधीच बदलत नाही. तिथे मॉड्यूल आली ती कर्नल एकाने आणि ड्रायव्हर दुसऱ्याने अपडेट करायचा म्हणून.

तर माझ्या लॅपटॉपवर वाय कशाला देऊ?

डिस्कचा कंट्रोलर, रूटची फाइलसिस्टिम आणि यूएसबी कीबोर्ड, म्हणजे पॅनिकच्या आधी निदान काही टाइप करता येईल. बाकी सगळं एम. आणि जुना कर्नल बूट मेन्यूत राहू द्या. निदान दोन आठवडे तरी.